आधी खोकला, मग माणूस

कोळशावरच्या वीजकेंद्राच्या आमच्या वसाहतीत कपडे वाळत घालताना कुणी ऊन बघत नाही, वारा बघतात. केंद्राच्या लाल-पांढऱ्या चिमणीकडून वारा आला की कपडे घरातच. पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदेला हे कुठून माहीत असणार? सकाळी खिडकीशी चहा घेत ती म्हणाली, "वहिनी, काय धुकं पडलंय! अगदी जुन्या लंडनच्या रहस्यकथेत बसल्यासारखं वाटतंय."

माझं डोकंच फिरलं. त्या गोष्टी मीही अधाशासारख्या वाचल्यात. गॅसचे पिवळे दिवे, आधी ऐकू येणारी पावलं, मग धुक्यातून उमटणारा माणूस. अंगावर काटा यायचा. पण त्या धुक्यात कोळशाचा धूर मिसळलेला होता, हे मला इथे राहायला आल्यावर उमगलं. लेखकांनी त्यात खुनी लपवले, आपण श्वास रोखून वाचलं, आणि तिथल्या बायका काजळी पुसत राहिल्या. गुप्तहेर चिखलातला बुटाचा ठसा शोधतो, धुराबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही.

मी ओल्या फडक्याने खिडकी पुसली आणि काळं झालेलं फडकं नणंदेपुढे धरलं. तेवढ्यात जिन्यात खोकला ऐकू आला. आमच्याकडे आधी खोकला येतो, मग माणूस. शेजारच्या काकू दुधाची पिशवी घेऊन चढत होत्या, दर तिसऱ्या पायरीला थांबत.

गोष्टीतला खुनी शेवटच्या पानावर सापडतो. आमचा तर दहा वाजता धुकं विरलं की याच खिडकीतून दिसतो, उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. आणि आम्ही सगळे गप्प, कारण घरोघरी पगार त्याचाच येतो.