दवाखान्यातली विहीर

रायपुरात कुणालाही कुत्रं चावलं की ते माझ्या साडूंना आधी कळायचं आणि चावलेल्याला नंतर. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला हा माणूस खिशात पेनाऐवजी साबणाची वडी बाळगायचा. राज्य नवं झालं, भोपाळहून साहेब आले, साहेबांमागून त्यांची कुत्रीही आली आणि साडूंना दिवस पुरेनासा झाला. तेलीबांध्याला एका साहेबाच्या अल्सेशियनने दूधवाल्याची पोटरी धरली, तेव्हा साडूंनी त्याचा पाय शेजाऱ्यांच्या नळाखाली साबणाने इतका वेळ धुतला की टाकी रिकामी झाली आणि दूधवाला कुत्र्याची बाजू घेऊ लागला. जखमेला हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच. आधी दवाखान्यात सुई आणि मग पोलीस थाना, हा त्यांचा ठरलेला रस्ता. साहेबांच्या कुत्र्याविरुद्ध तक्रारीची रपट कशी लिहायची, म्हणून थान्यातला मुंशी कुरकुरला. साडूंनी निष्काळजी मालकाचं कलम त्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "कुत्ता भी राजपत्रित है क्या?" रपट लिहिली गेली. पुढे दहा दिवस कुत्रं पिसाळतंय का यावर नजर ठेवायची म्हणून साडू रोज साहेबांच्या फाटकावर हजर. शेवटी शेवटी कुत्रं त्यांना पाहून शेपूट हलवायचं आणि साहेब गुरगुरायचे.

मग एका दुपारी ब्राह्मणपाऱ्यात आमच्या सासूबाईंनाच गल्लीतली व्यालेली कुत्री कडकडून चावली. साडू वडी घेऊन त्यांच्या पायाशी बसले, तशा त्यांनी पाय पोटाशी ओढले. जावयाचे पाय सासरच्यांनी धुवायचे. इथे सगळं उलटंच चाललं होतं.

"जवायानं माझे पाय धुवायचे? मले नरकातही जागा नाही भेटन."

"लग्नात तुम्ही माझे धुतले होते, आई. आज फिट्टंफाट."

धुणं झालं, पण सुईचं नाव काढताच सासूबाई हटून बसल्या. त्यांच्या माहेरी कुत्रं चावलं की माणसाला सात विहिरींत डोकावायला लावत, तेवढंच त्यांना हवं होतं. लेकी रडल्या, मी रागावलो. सुईवाचून त्या हातच्या जातील या भीतीने घरात कुणाला काही सुचेना. साडूंनी मात्र विहिरींचा मान राखला, फक्त क्रम स्वतः लावला. पहिली विहीर म्हणे सरकारी दवाखान्याच्या आवारात होती. तिथे सासूबाईंना जखमेभोवती आणि दंडात सुया टोचून झाल्या. मग साडूंनी त्यांना रिक्षातून उरलेल्या सहाही विहिरी दाखवल्या. त्यातल्या दोन बुजल्या होत्या, तर नगर निगमच्या टाकीत डोकावून घेतलं. पुढच्या प्रत्येक सुईला "पहिली विहीर पुन्हा पाहावी लागते" असं शास्त्र निघालं.

शेवटच्या सुईच्या दिवशी मीही सोबत होतो. दवाखान्याच्या पायरीवर सासूबाई थांबल्या. "इथं विहीर नाही, हे मले पहिल्याच दिवशी समजलं, जवाईबापू. पण तुम्ही दवाखान्यातही साबणाची वडी मुठीत गच्च धरून राहिले होते, म्हणून गेली मी आत."

साडूंची आई ते लहान असताना गेली, तापाने, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सासूबाईंनी हळूच विचारलं, "तुमच्या आईले कुत्रं चावलं होतं का? कोणत्या विहिरी दाखवल्या होत्या?"

"सातही," साडू म्हणाले.

रिक्षात सासूबाई जावयापासून अंतर राखून बसायची रीत विसरल्या आणि घर येईपर्यंत त्यांचा हात हातात धरून बसल्या. मी स्कूटरवर मागून येत होतो. मला फार बरं वाटलं, आणि रडूही आलं.