बाबांच्या मुळ्याला आलेली पांढरी लव

मंडळी, आज सकाळी मी बाबांचा ट्रे कचऱ्यात टाकायला निघाले होते.

बाबा नाशिकहून इथे परदेशात, आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आले, त्याला दोन महिने झाले. करमेना म्हणून त्यांनी मोड आणायला मुळ्याचं बी घेतलं. पहिल्या खेपेला मटकीसारखं फडक्यात बांधलं, ते इथल्या दमट हवेत बुरशी येऊन कुजलं. मी म्हणाले, "बाबा, पुरे आता." त्यांनी पुन्हा बी भिजवलं. दुसऱ्या खेपेला ट्रेमध्ये ओला टिश्यू अंथरून त्यावर बी पसरलं.

आज बघते तर मुळांवर पांढरी लव. बुरशीच! बाबा अंघोळीला गेले होते. त्यांना दिसण्याआधीच टाकलं तर कमी वाईट वाटेल, असं मला वाटलं. स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट खाली टाकायच्या रबिश शूटचं झाकण उघडलं, तोच मागून बाबांचा आवाज आला, "थांब गं. आधी पाणी मार."

पाणी मारताच लव मुळांना चिकटून दिसेनाशी झाली.

"बुरशी अशी बसत नाही. ही मुळंच आहेत, बारीक."

"कुठे वाचलंत?"

"मागच्या खेपेचं फेकण्याआधी नीट बघितलं होतं."

जेवताना त्या मोडांची दह्यातली कोशिंबीर झाली. माझी लेक इथल्या बोलीत म्हणाली, "सो स्पायसी लाह, आजोबा!" आणि वाटी स्वतःकडे ओढली.

दुपारी बाबांनी मला न विचारता ओट्यावरचा मिक्सर सरकवला आणि तिथे नवा ट्रे मांडला. मिक्सर आता फ्रिजवर आहे. राहू दे तिथेच.

तुमच्याकडे आलेल्या आई-बाबांनी घरातली कुठली जागा आपली केली?