टेस्टर पेटत होता

नवरा गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हा दादाने मला पडवीलगतची खोली दिली. आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाताना, वैशाखऱ्याच्या अलीकडे. दादा वायरिंगची कामं करतो. आसपासच्या नव्या घरांत आणि फार्महाउसांत त्याच्याच हातचे बोर्ड आहेत. त्या वर्षी भाऊबिजेला मी त्याला ओवाळलं, तर त्याने ताटात काहीच टाकलं नाही. "तुझी ओवाळणी भिंतीवर लावलीय, बघ जा," म्हणाला. खोलीत गेले तर भिंतीवर नवा पांढरा बोर्ड, एक सॉकेट, एक बटण. मला पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय हे फक्त त्यालाच माहीत होतं. मी बोर्डाकडे बघत उभ्या उभ्या रडले. आता आठवलं की त्या रडण्याचाही राग येतो.

सॉकेटात करंट आहे की नाही, ते बघायलाही त्यानेच शिकवलं. टेस्टरचं टोक उजव्या भोकात घालायचं, मागच्या टोपीवर बोट टेकवायचं, आतला दिवा लाल झाला की करंट आहे. आमच्याकडे सगळे असंच बघतात. जरा वारा सुटला की लाइट जाते, म्हणून घरोघरी टेस्टर हाताशी असतो. टेस्टर लागला की विषय संपला, पुढे कोणी काही विचारत नाही.

माझं मशीन चांगलं चाललं. लग्नसराईत तर खोलीत पाय ठेवायला जागा नसे. वाड्यांवरच्या बाया यायच्या, नव्या साड्या देऊन जायच्या, जाता जाता चहा पिऊन घरचं गाऱ्हाणं सांगायच्या. कुणापुढे हात न पसरता माझं भागत होतं. वहिनीच्या हातावर किराण्याचे पैसे ठेवताना माझी मान ताठ असायची. त्या मशीनने मला या घरात नुसती राहायला आलेली बाई राहू दिलं नाही.

मग ऐन लग्नाच्या दिवसांत एका सकाळी बटण दाबलं आणि मशीन चाललंच नाही. खोलीतली ट्यूब चालू, पंखा चालू. दादाला हाक मारली. तो आला, खिशातला टेस्टर काढला, सॉकेटात घातला. लाल दिवा लागला.

"करंट हाय गो बाय. तुझा मशीनच गेला."

त्यात इस्त्री लावून बघू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नको नको, दुसरं काय लावू नको. मोटार जळली असंल तर काय सांगता येत नाय, ती पन जळंल." वायरमन माणूस सांगतोय, वर सख्खा भाऊ. मी कशाला इस्त्री लावते?

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मशीन मोटरसायकलला बांधून मुरबाडला घेऊन गेला. संध्याकाळी आणून ठेवलं. मोटारीतला झिजलेला कार्बन बदलला, दुकानात छान चाललं, म्हणाला. दुकान कुठलं तेही सांगितलं. मी प्लग लावला. मशीन गप्प. पुन्हा टेस्टर, पुन्हा लाल दिवा. "मग मोटारच गेली. आता यात काय राम नाय," म्हणत त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाया साड्या परत न्यायला लागल्या. दादाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नवऱ्या मुलीच्या साड्यांचे फॉल मीच लावणार, असं मी किती दिवस घोकत होते. वहिनीने त्या परस्पर मुरबाडला दिल्या. "तुजा मशीन बंद ना, म्हनून," असं माझ्याकडे न बघता म्हणाली. जेवताना दादा एकदोनदा म्हणाला, शहापूरला शिवणाच्या कारखान्यात बाया घेतात, खोलीही मिळते तिकडे. मला वाटलं, माझी काळजी करतोय बिचारा.

शेवटी मीच मशीन पिशवीत घालून जीपने मुरबाडला गेले, दादाने सांगितलेल्या त्याच दुकानात. दुकानदाराने प्लग लावला, आणि मशीन धावायलाच लागलं. मी म्हटलं, तुम्हीच मागे कार्बन बदललात ना? त्याने बाजूचं टोपण उघडून दाखवलं. "हा जुनाच कार्बन आहे ताई. हे मशीन माझ्याकडे आलंच नाही." घरी तर टेस्टर लागतो, म्हटल्यावर तो हसला. टेस्टरला करंट आणणारी एकच वायर पुरते, मशीनला परतीचीही लागते. बल्ब लावून बघा, म्हणाला.

जीपमध्ये मी सगळ्या वाटेने दादाची वकिली करत बसले. दुसऱ्या दुकानात गेला असेल, नाव चुकलं असेल. वायर उंदराने खाल्ली असेल, उंदीर आहेतच माळ्यावर.

घरी आले तर दादा कामावर आणि वहिनी रानात. होल्डरला दोन वायरी जोडून त्यांना प्लग लावला, बल्ब बसवला, सॉकेटात घातला. बल्ब पेटला नाही. टेस्टर घातला, तो पेटला. मेन बंद करून माळ्यावर चढले. माझ्या सॉकेटची काळी, परतीची वायर पक्कडीने सरळ कापलेली होती. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी, शेवट आत दुमडलेला. तसा दुमडायची सवय आमच्या घरात एकालाच आहे. उंदीर चिकटपट्टी लावत नाही. मी तिथेच धुळीत बसले.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "काळी वायर का कापलीस?"

करंट आणणारी लाल कापली असती तर टेस्टर लागला नसता, हे दोघांनाही माहीत होतं. तो चपलांकडे बघत म्हणाला,

"पोराचा लगीन हाय. खोली लागंल त्याला. तुला जा म्हनायला जीभ वळंना. काम बंद पडला तर आपसूक जाशील, वाटलं."

"मला विचारायचंस ना रे दादा. मी हाताने झाडून दिली असती खोली."

खरंच दिली असती. पडवीत मशीन मांडलं असतं. त्याने वायर कापायचा विचार केला, टेस्टरचा केला, मोटरसायकलवरून मशीन फिरवून आणायचाही केला. बहिणीला विचारावं, एवढंच त्याला सुचलं नाही. पाठीवर ठेवलेला तो हात मला अजून सहन होत नाही.

त्याने त्याच संध्याकाळी वायर जोडून दिली. उरलेल्या साड्या मी पुऱ्या केल्या आणि शहापूरला खोली बघितली. निघाले त्या दिवशी अर्धी आळी अंगणात जमली. दादाने माझी ट्रंक जीपवर चढवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कशाला जातेस गो बाय? हा तुजाच घर हाय." वहिनीने पदर डोळ्यांना लावला. शेजारची म्हातारी म्हणाली, "भाऊ असावा तर असा."

मी मशीन मांडीवर घेतलं आणि जीपवाल्याला म्हटलं, चल.