काकींची विळी

खेडजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात मी वीस वर्षं सेफ्टी खात्यात होतो. कुणी नको तिथे हात घालू नये, हे बघणं एवढंच माझं काम. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडली. त्याच सुमारास, म्हणजे दोन हजार सालानंतर लगेचच, खेडच्या बाहेर एका वृद्धाश्रमाला व्यवस्थापक हवा आहे असं कळलं. बायको म्हणाली, "घरात बसून मला सूचना देण्यापेक्षा तिकडे जा." गेलो.

चौदा माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना डिमेन्शिया. आपण जेवलो की नाही, मुलगा कुठे असतो, काही आठवायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी माझ्या परीने सगळं शिस्तीत आणलं. भिंतीवर तक्ता लावला. आंघोळ, नाश्ता, औषधं, सगळ्याला ठरलेली वेळ. सुऱ्या कपाटात. स्वयंपाकघराच्या दाराला उंचावर कडी. महिनाभरात कुणी पडलं नाही, भाजलं नाही, कापलं नाही. मला अभिमान वाटत होता. तिथे कुणी फारसं बोलतही नव्हतं, हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अशात केळशीच्या एक बाई आल्या. पंचाहत्तरीच्या. नवरा बोटीवर खलाशी, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळे त्यांना काकी म्हणायला लागले. काकी रोज अकराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दाराशी यायच्या आणि दार ढकलायच्या. कुणीतरी हाताला धरून त्यांना खोलीत न्यायचं. मग त्या दिवसभर पलंगाखाली, उशीखाली काहीतरी शोधत राहायच्या. जेवण तसंच टाकायच्या. मुलगी संध्याकाळी फोन करायची, तर फोनवर नुसत्या रडायच्या.

एके दिवशी स्वयंपाकाच्या बाईंकडून कडी लावायची राहिली. त्या मागच्या दारी पाणी भरत होत्या. मी आत डोकावलो. काकी विळीवर बसल्या होत्या. पुढ्यात बांगडे भरलेली परात. नुसती बघितली तरी धसका घ्यावा अशी धारदार विळी, आणि पात्यावरून त्यांचे हात चालले होते.

"काकी, थांबा! हात काढा!"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे अगदी शांतपणे बघितलं.

"सरक. उजेड अडतोय."

मी सरकलो. खरं सांगतो, का सरकलो ते मला आजही सांगता येणार नाही. ज्या बाईला सकाळी ब्लाउजात हात कुठून घालायचा ते सुचत नव्हतं, ती बांगड्याचं डोकं उडवत होती, पोट साफ करत होती, सारख्या जाडीच्या तुकड्या करत होती. बोटं पात्यापासून बरोबर सुताच्या अंतरावर. इतक्यात स्वयंपाकाच्या बाई आल्या. घागर हातातच राहिली.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्यापेक्षा साफ कापतायत हो."

त्या दुपारी काकी दोनदा भात मागून जेवल्या.

मी मुलीला फोन लावला. म्हटलं, "धोका आहे. उद्या हात कापला तर जबाबदार मी."

ती म्हणाली, "बोट कापलं तर पट्टी लावता येते, साहेब. ती रोज रडते त्याला कुठली पट्टी लावू? बसू द्या तिला."

दुसऱ्या दिवसापासून काकी विळीवर आणि मी समोर पाटावर. आठव्या दिवशी बोट कापलंच. मी प्रथमोपचाराची पेटी आणायला धावलो. परत येईपर्यंत त्यांनी हळद दाबून धरली होती. माझा चेहरा बघून मलाच म्हणाल्या, "घाबरू नको, बाबा. मरत नाय मी."

मला वाटलं, जमलं आपल्याला. आणि जुन्या सवयीने मी तक्त्यावर लिहून टाकलं : अकरा वाजता, काकी, मासे. पुढच्या सोमवारी परात समोर ठेवली, तर काकी हाताची घडी घालून उभ्या.

"आज नाय."

"अहो काकी, मासेवाली आत्ताच देऊन गेली. ताजे सौंदाळे आहेत."

"असतील. मी काय नोकर हाय तुझी? आज मी गडग्यावर बसणार."

आणि खरंच अंगणाच्या कडेच्या जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यावर जाऊन बसल्या. जाणारे-येणारे बघत, पाय हलवत. स्वयंपाकाच्या बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो, पण मनात चांगलाच ओशाळलो. बंदी काढून मी सक्ती आणली होती. त्यांना विचारलं कुठे होतं?

विचारायलाही शिकावं लागलं. "काय खाणार?" असं विचारलं की माणसं भांबावून जात. मग आम्ही दोन वस्तू समोर धरायला लागलो. हा शर्ट की तो? चहा की पेज? उत्तर येईपर्यंत थांबायचं, मधे बोलायचं नाही. मला तेच सगळ्यात जड गेलं. निवृत्त शिक्षक असलेल्या आमच्या गुरुजींपुढे पहिल्यांदा पोहे आणि उपमा अशा दोन बश्या धरल्या. त्यांनी परीक्षेचा पेपर तपासावा तशा दोन्ही निरखल्या. चांगली पाच मिनिटं. मग निकाल दिला, "दोन्ही." सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. आम्ही दोन्ही दिलं, आणि सगळं जेवणघर टाळ्या वाजवत होतं.

तक्ता मी काढला नाही. औषधांच्या वेळा त्यावर राहिल्या, बाकी पुसून टाकलं. आंघोळ कुणी सकाळी करी, कुणी दुपारी. घरात गोंगाट वाढला. दोन आज्या सुकट निवडताना कडाकडा भांडायच्या आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

काकी आमच्याकडे चार वर्षं होत्या. शेवटच्या वर्षी मुलीची ओळखही पुसली होती. एका रविवारी ती आली, तेव्हा काकींनी स्वतः केलेलं बांगड्याचं कालवण चुलीवरून नुकतंच उतरलं होतं. काकींनी तिच्याकडे नीट बघितलं.

"कुठली गो तू?"

मुलीचे डोळे भरून आले. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "केळशीची."

"मग तिखट चालंल तुला," काकी म्हणाल्या. तिला पाटावर बसवलं, ताट वाढलं, आणि समोर बसून काटे काढून देऊ लागल्या. मुलगी नाक पुसत, हसत, बोटं चाटत जेवत होती. तिसऱ्यांदा भात वाढताना काकींनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"खाते बघ कशी! चांगल्या घरची दिसते."