खिडकीतलं ऑर्किड

बायकोच्या डोळ्यांचा दाब वाढला होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्याच आठवड्यात ती रोपवाटिकेत एका जांभळ्या ऑर्किडपाशी थांबली. नाक टेकेल इतकी वाकून म्हणाली, "अहो, हे दिसतंय की मला!"

ते घरी आणलं. फुलं गळल्यावर ते पुन्हा फुलावं म्हणून मी मोठी कुंडी आणून त्यात शेतातली काळी माती भरली. मुळं कुजली. कुजलेली कापून, उरलेली नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे, झाडाची साल आणि कोळसा यांच्या मिश्रणात बसवली. नवं पान आलं, पण तेही पिवळं पडलं. सालीवर पांढरा थर साचला होता. आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं. या झाडाला किंचित आंबट, पीएच सहाच्या आसपासचं पाणी लागतं, असं कळलं. मग पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या मागवल्या आणि पाण्यात लिंबू पिळू लागलो.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी ती वर्षानुवर्षं साड्यांना फॉल लावायची. साडीच्या रंगाशी दोरा जुळवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. सवयीनं मी ओली पट्टी आणि रंगांचा तक्ता तिच्यापुढे धरला. "बघ गं, कशाशी जुळतंय?"

तिनं तक्ता खिडकीशी नेला. तिरका धरला, सरळ धरला.

"हे दोन्ही एकच हायत की."

तक्त्यावरचा एक रंग हिरवा होता, दुसरा निळा. मी तक्ता घ्यायला हात पुढे केला. तिला कळलं. तक्ता माझ्या हातात देऊन ती आत गेली आणि भाजी निवडायला बसली.

सकाळी पाणी ठीक केलं की संध्याकाळी पट्टी पुन्हा निळी व्हायची; पाण्यातले क्षार लिंबाला पुरून उरायचे. मग मी पिण्याचं, क्षार काढणाऱ्या फिल्टरचं पाणी घालू लागलो. झाड सावरलं, दांडा आला, कळ्या धरल्या. तोवर तिला माझा चेहराही धूसर दिसू लागला होता. उन्हाळ्याच्या झळांनी कळ्या एकेक करून सुकल्या.

"फुललं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कशाला एवढं करताय? राहू दे आता."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घातलंच. करण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.