अंगात येणं

डिसेंबरचे दिवस होते. यवतमाळात सगळे स्वेटर घालून हिंडत होते आणि ऑफिसातल्या बैठकीत मी उठून पंखा लावला. छातीतून निघालेली धग मानेवरून कानांपर्यंत चढली होती, ब्लाऊज पाठीला चिकटला होता. साहेबांनी मफलर आवळला. घरी तर विचारूच नका. झोप तुटायची, पाळी महिनोन्‌महिने गायब व्हायची. भाजीत मीठ कमी आहे एवढं नवऱ्यानं म्हटलं तरी मला रडू यायचं, नाहीतर त्याला यावं असं मी बोलायचे.

त्याला वाटलं, हार्टचं काही असेल. मोठ्या डॉक्टरकडे नेलं. ईसीजी स्वच्छ निघाला, तेव्हा खुशीत त्यानं मला कचोरी खाऊ घातली. आता मला आजार नव्हता. म्हणजे उरला तो नुसता स्वभाव.

शेवटी मी एकटीच एका लेडी डॉक्टरकडे गेले. तिनं वय, पाळी, झोप सगळं विचारलं, थायरॉईड तपासून घेतलं आणि म्हणाली, पाळी जायची वेळ आली आहे. हा आजार नाही, पण सोसत बसायचंही कारण नाही. चहा-तिखट कमी करा, सुती कपडे घाला, रोज चाला. तरी त्रास राहिला तर औषधं आहेत. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र लगेच या. मी बी.एस्सी. आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

संक्रांतीला सासूबाई बोरी अरबहून आल्या. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हिच्या अंगातून आजकाल वाफा निघतात, असं नवऱ्यानं त्यांना सांगितलं.

"मले बी होत होतं," त्या म्हणाल्या. "अंगाची आग व्हाये, तोंडाले येईन ते बोलो. गाव म्हने, हिच्या अंगात देवी येते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाया ओटी भरायला यायच्या, कापूस आता विकायचा की थांबायचं, तेही विचारायच्या. तोवर घरात ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्या सासूबाई केस मोकळे सोडून उत्तरं द्यायच्या.

तुम्हाला खरंच देवी वाटायची का, असं मी विचारलं.

"पयले वाटे. मंग समजलं. पन सांगू कायले? तवा मले कोनी एक वाकडा शब्द बोलत नोहतं."

"अन् बाबा?" नवऱ्यानं विचारलं.

"तुहा बाप पाया पडे."

नवरा उठून आत गेला. पुढे सासूबाईंचा घाम थांबला तशी देवी शांत झाली, असं गावानं ठरवलं आणि त्या पुन्हा मुकाट्यानं भाकरी थापायला बसल्या. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरला.

मला चालण्यानं बरं वाटतं. झोप लागते, धग अजून अधूनमधून येते. देवी म्हणून मला कुणी मानत नाही. पण संध्याकाळी मी चपला घातल्या की नवरा आपणहून कुकर लावतो. तो पाया पडला असता, तर भात मलाच टाकावा लागला असता.