काशीनाथ गुरवांची पांढरी छडी

कार्यक्रमाला चार तास उरले असताना प्रस्तुत लेखक काशीनाथ गुरवांच्या घरी खुर्चीत बसला आणि खालून 'कट्' झालं. पांढरी, निमुळती छडी, बुडाला बुचाची मूठ. बावीस वर्षं स्टुडिओत साठ-साठ व्हायोलिनं जिच्या टोकाकडे बघून वाजली, ती लांज्याहून आलेल्या एका बुडाखाली संपली.

"नवीन आणून देतो, काका. उद्या रविवार, नक्की!"

"आण हो," काशीनाथ दोन्ही तुकडे जुळवून बघत म्हणाले. "पण कार्यक्रम आज आहे."

खरं म्हणजे लेखक छडी मोडायला नाही, निरोप द्यायला आला होता. आयोजक ईश्वरभाईंनी सकाळीच ठरवून टाकलं होतं, "आठ व्हायोलिन को आठ माइक? इतना खर्चा कौन करेगा? सीडी लगा दो. बुढ्ढे लोग डंडी घुमायेंगे, बस, स्टेज भरा हुआ दिखना चाहिये." व्हायोलिनवाल्यांना त्यांनी स्वतः सांगितलं. काशीनाथांना सांगायचं काम लेखकाकडे. पण एका माणसाचं एकाच दुपारी किती मोडायचं? लेखकाने निरोप गिळला. घाबरटपणाला दया म्हटलं की तो अलगद घशाखाली उतरतो.

काशीनाथांचे वडील राजापूरकडच्या देवळात सनई वाजवायचे. काशीनाथ सोळाव्या वर्षी मुंबईला आले. गोव्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांची भांडी घासून व्हायोलिन शिकले, कागदावरचे सूर वाचायला शिकले. चौदा वर्षं मागच्या रांगेत वाजवलं. एके दिवशी वादकांना हाताने इशारे देणारा माणूस तापाने आला नाही, म्हणून यांना पुढे उभं केलं, ते उभेच राहिले. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकाराचं नाव असायचं, गायकाचं त्याहून मोठं. हात कुणाचा, ते कुठेच नसायचं.

रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओचं दार बंद. त्यामुळे मंदाकाकूंनी तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं काम एकदाही पाहिलं नव्हतं.

"आमचे हे वाजवणाऱ्यांना हात दाखवतात," त्या शेजारणीला सांगायच्या.

"म्हणजे ट्रॅफिक हवालदारासारखं?"

"तसंच काहीतरी. शिट्टी नसते एवढंच."

मग एक पोरगा कीबोर्ड घेऊन आला आणि साठ माणसं घरी गेली. काशीनाथ गिरगावातली खोली विकून सिल्व्हर पार्क वसाहतीत आले, जवळच हाटकेशला बॉलपेनच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. लेखक तिथेच स्टोअरला. २००६ साली वसाहतीच्या महोत्सवाची गोष्ट निघाली तेव्हा काशीनाथांनी त्यात एक कार्यक्रम मागून घेतला. तोंडाने मागितलेलं ते त्यांचं पहिलंच काम. एक्याऐंशी साली त्यांनी एका सिनेमाचं सुरुवातीचं संगीत वाजवून घेतलं होतं. ते आठवून त्यांनी आठ जणांचे कागद हाताने उतरवले, आठ जुने सोबती गोळा केले आणि तीन आठवडे सोसायटीच्या ऑफिसात तालीम घेतली.

"एवढं कशाला, काका?" लेखकाने विचारलं होतं.

"मंदाला एकदा बघू दे," ते म्हणाले होते. "बस, एकदा."

छडी मोडल्याचं कळताच मंदाकाकू आतून विणकामाची सुई घेऊन आल्या. तिच्यावर नातीचा, सान्वीचा, अर्धा स्वेटर चढलेला होता. त्यांनी तो सर्रकन उतरवला. टाके सुटत गेले.

"अगं, उसवलं ना सगळं!"

"पुन्हा विणीन. तुमचं पुन्हा होणार आहे का?"

संध्याकाळी मंदाकाकू पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. काशीनाथांनी सुई उचलली. ती खाली यायच्या आतच संगीत सुरू झालं.

समोर आठ व्हायोलिनं होती, कानावर साठ येत होती. आठही सोबत्यांनी मान खाली घातली. काशीनाथांना पहिल्या चार ठोक्यांतच कळलं की सीडीवर वाजतंय ते त्यांचंच रेकॉर्डिंग, एक्याऐंशी सालचं. तो पस्तिशीतला हात भलताच चपळ होता. साठीचा हात त्याच्यामागे धापा टाकत धावला, दोनदा चुकला. मग काशीनाथांनी सुई खाली घेतली आणि ते नुसतेच उभे राहिले. संगीत दणक्यात चालूच. लोकांना वाटलं, काका स्टाइल मारतायत. शिट्ट्या पडल्या. ईश्वरभाईंनी शाल घातली.

घरी जाताना मंदाकाकू म्हणाल्या,

"छान झालं हो. पण एक विचारू? तुम्ही हात खाली घेतलात तरी त्यांचं वाजतच होतं की. मग इतकी वर्षं तुम्ही करत काय होतात?"

लेखक मागून शाल घेऊन चालला होता. सीडीचं नाव घ्यायला तोंड उघडावं, तोच काशीनाथांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. सीडी होती म्हटलं तर मंदाने आजही काहीच पाहिलं नाही. नाही म्हटलं तर इतकी वर्षं यांनीच काही केलं नाही.

"सवय झाली की वाजवतात आपापले," काशीनाथ म्हणाले.

"असं होय," काकू म्हणाल्या. "सुई द्या इकडे. माझं विणायचं खोळंबलंय."

सोमवारी काशीनाथ वेळेवर पॅकिंगला हजर. पुढे सान्वीचा स्वेटर पुरा झाला, तिला लहानही झाला. लेखकाचा छडीचा रविवार मात्र अजून उजाडायचाय. काशीनाथांनी कधी विचारलं नाही. फक्त लेखक जवळ आला की ते पुढे होतात आणि तो बसायच्या आधी खुर्चीवरून हात फिरवून घेतात.